म्हाळसाक्काची कंबर

नदीकाठच्या एका पेठेच्या गावात एक वैद्यशाळा होती. पेठ म्हटली की गाड्या आल्या, बैल आले, पोती आली आणि त्यांच्यामागून मोडलेले हातपायही आले. त्यामुळे वैद्यशाळेतल्या बाजा कधी रिकाम्या नसत.

औषधपाणी नारोपंत वैद्य पाहत. हाड बसवावं तर नारोपंतांनीच, असा त्यांचा लौकिक होता. पण वैद्य हाड बसवून पुढच्या रोग्याकडे जातो. मग त्या रोग्याला उठवायचं, बसवायचं, कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, सकाळच्या उन्हात नेऊन ठेवायचं, हे सगळं कुणी करायचं? ते पाच बायका करीत. त्या पाचांत म्हाळसाबाई थोरली. रोगी, वैद्य आणि सगळी पेठ तिला म्हाळसाक्का म्हणत.

म्हाळसाक्का अंगानं उंच आणि हाडापेरानं मजबूत होती. कसलाही आडदांड रोगी असो, ती वाकायची, काखेत हात घालायची आणि त्याला उचलून बसवायची. एकटी. वीस वर्षांत तिनं दुसरीला हाक मारली नव्हती. नारोपंतांना याचं फार कौतुक. कुणी पाहुणा आला की आधी औषधांच्या बरण्या दाखवीत आणि मग म्हाळसाक्काला. "हिला आजवर दुसरा हात लागला नाही," असं म्हणत. म्हाळसाक्का मान खाली घाली, पण ते वाक्य तिला गुळासारखं गोड लागे. माणूस कौतुकावर किती दिवस काढू शकतो, याला काही हिशेब नाही.

आता तिथल्या बाजांविषयी सांगायला हवं. त्या बाजा फार बुटक्या होत्या, गुडघ्याच्याही खाली. नारोपंतांच्या आजोबांच्या काळी तापात बरळणारा एक रोगी बाजेवरून खाली पडला आणि त्याचं डोकं फुटलं. आजोबा हळवे होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून साऱ्या बाजांचे पाय कापून घेतले. त्यानंतर पडून कुणाचं डोकं फुटलं नाही. पण दिवसातून शंभर वेळा त्या बाजेपाशी वाकायचं कुणी, हा प्रश्न आजोबांना पडला नाही. त्यांच्या मुलालाही पडला नाही. नातवाला तर बाजा अशाच असतात असं वाटे.

त्याचा परिणाम सगळ्या पेठेला दिसत होता, आणि तरी कुणी पाहत नव्हतं. वैद्यशाळेच्या बायका रस्त्यानं चालल्या की लांबून ओळखू येत. कमरेतून पुढे कललेल्या, एक हात मांडीवर टेकलेल्या. पोरं त्या चालीची नक्कल करीत. आधीची थोरली, भिवराबाई, तर इतकी वाकली की शेवटी तिला समोरच्या माणसाचं तोंड पाहायला मान तिरपी करावी लागे. ती घरी बसली तेव्हा सगळे म्हणाले, वय झालं. तेव्हा ती पन्नाशीचीही नव्हती.

म्हाळसाक्का भिवराबाईला विसरली नव्हती. म्हणूनच, दोन वर्षांपूर्वी तिची स्वतःची कंबर दुखायला लागली तेव्हा तिनं ते कुणाला सांगितलं नाही. आधी नुसती उसण भरल्यासारखं वाटे. मग कळ मांडीतून पोटरीत उतरू लागली. सकाळी उठताना ती कुशीवर वळे, खांब धरी आणि दात आवळून उभी राही. लुगड्याखाली पंचा घट्ट बांधून कामावर येई. रोग्यांच्या पाठी शेकायला निर्गुडीचा पाला उकळायचं काम तिचंच होतं. शेकून उरलेला ऊन पाला ती परसातल्या खड्ड्यात टाकी. टाकताना रोज मनात येई, हा मूठभर आपल्या कमरेला बांधला तर? पण निर्गुडीचा वास लपत नाही. लोकांना कळेल, आणि मग काय? मग आपणही भिवराबाई.

तर अशा दिवसांत एका बाजाराच्या दिवशी बिरू हमाल वैद्यशाळेत आला. आला म्हणजे चौघांनी उचलून आणला. गाडीवरची पोती ढासळली होती आणि त्याची मांडी मोडली होती. नारोपंतांनी हाड बसवलं, वेळूच्या कामट्या बांधल्या आणि बजावलं, "चाळीस दिवस या पायाला धक्का लागता कामा नये. लागला तर हाड सरकेल. सरकलं तर पाय आखूड राहील, आणि मग पाठीवर पोतं विसर."

बिरू देहानं दांडगा. जन्म वजन पेलण्यात गेलेला. त्यामुळे वजनाची त्याला पारख होती आणि धाकही होता. पहिल्याच सकाळी म्हाळसाक्का त्याला बसवायला एकटी वाकली, तसा तो म्हणाला, "आक्का, येकटीनं नगा. कुनाला तरी बोलवा."

"का रं? पाडीन काय तुला?"

"तसं न्हाई. आमच्यात भुईवरचं पोतं कुनी येकट्यानं पाठीवर घेत न्हाई. दोघं हात देत्यात, तवा तिसरा घेतो. कितीबी मोठा पैलवान आसूं दे."

म्हाळसाक्काला राग आला. "तू काय पोतं हायस? मानूस हायस."

"मंग पोत्यापरास जास्त जपाल की," बिरू म्हणाला.

शेजारच्या बाजेवरचा म्हातारा फिसकन हसला.  म्हाळसाक्कानं तरीही बिरूला एकटीनं उचललं, नीट बसवलं आणि ताठ मानेनं निघून गेली. परसात जाऊन मात्र पाण्याच्या रांजणाला धरून ती बराच वेळ उभी होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कळेचं होतं की रागाचं, तिलाच ठाऊक.

त्या पाच जणींत एक कोंडाबाई होती. सहा महिन्यांपूर्वी आलेली. नवरा गेला, सासरच्यांनी दार लावलं, तेव्हापासून वैद्यशाळेच्या माजघरातच राहायची. दोन वेळचं जेवण आणि डोक्यावर छप्पर, तिला तेवढंच होतं. हिची एक खोड सगळ्यांना खटके. कुणाला उचलायचं झालं की ही आधी हाक मारी, "जरा या हो कुणीतरी." बाकीच्या जणी तोंड वाकडं करीत येत. त्यांच्यापैकी कुणी तिला नाव ठेवलं नाही असा दिवस जात नसे. नारोपंतही एकदा म्हणाले होते, "कोंडाबाई, तुम्हाला पाण्याचा तांब्या उचलायलाही सोबत लागेल." सगळे हसले होते. म्हाळसाक्काही हसली होती.

बिरूला येऊन तीन आठवडे झाले. हाड धरू लागलं होतं. त्या दिवशी सकाळी म्हाळसाक्का त्याचं अंथरूण बदलायला आली. कोंडाबाई दोन बाजा पलीकडे एका म्हाताऱ्याला पेज भरवत होती.

"आक्का, येऊ का?" तिनं तिथूनच विचारलं.

"कशाला?" म्हाळसाक्का म्हणाली, आणि वाकली.

तिनं बिरूच्या पाठीखाली हात घातला, उचललं आणि त्याला एका अंगाला घ्यायला कमरेतून वळली. त्याच क्षणी तिच्या कमरेत काहीतरी करकचून आवळलं गेलं. हातातलं बळ एकदम गेलं. सोडायचं तिच्या मनातही नव्हतं, पण हात तिचं ऐकेनात. बिरू बाजेच्या कडेवर आपटला, आणि कामट्या बांधलेला पाय खाली लोंबकळला. तो असा ओरडला की बाहेरच्या रस्त्यावरची माणसं थांबली.

पेजेची वाटी टाकून कोंडाबाई धावली. तिनं एका हातानं पाय आणि एका हातानं बिरूची कंबर धरली, आणि कशीबशी त्याला पुन्हा बाजेवर घेतलं. म्हाळसाक्का भिंतीला टेकून उभी होती. तिला वाकताही येईना आणि बोलताही येईना.

तेवढ्यात नारोपंत आले. त्यांना काय दिसलं? बिरूच्या अंगाशी झटणारी कोंडाबाई, आणि भिंतीपाशी ताठ उभी म्हाळसाक्का. त्यांनी पायावर हात फिरवला. त्यांचा चेहरा उतरला.

"हाड सरकलं," ते म्हणाले. "तीन आठवड्यांची मेहनत गेली. पुन्हा बसवावं लागेल. आणि पहिल्यासारखं बसेलच, असं मी सांगू शकत नाही."

बिरूनं डोळे मिटून घेतले.

नारोपंत शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचा तोल गेला. "कोंडाबाई, जे पेलत नाही त्याला हात कशाला लावायचा? म्हाळसाक्का इथेच होती ना? आजच्या आज तुमचं सामान आवरा. इथे माणसांची हाडं सांभाळायची असतात."

कोंडाबाईनं म्हाळसाक्काकडे पाहिलं. एकदाच. मग मान खाली घातली. थोरल्या बाईचं नाव आपल्या तोंडून काढणं तिला जमणारं नव्हतं.

"बिरू, तू तरी सांग. कुणी उचललं होतं तुला?" नारोपंतांनी विचारलं.

बिरूच्या कपाळावर घाम होता. दातांतून शब्द काढत तो म्हणाला, "वैद्यबुवा, आमच्यात पोतं पडलं की मुकादम इचारायच्या आत, ज्याचा हात सुटला त्यो आपनहून बोलतो. दुसरा कुनी त्याचं नाव घेत न्हाई. म्या बी घेनार न्हाई."

 म्हाळसाक्काला वाटलं, आता फक्त गप्प राहायचं आहे. एवढंच. कुणी विचारणार नाही. कोंडाबाई बोलणार नाही, हमाल बोलणार नाही. वीस वर्षांचं नाव शाबूत राहील. कोंडाबाई जाईल कुठेतरी. पण कुठे जाईल? तिला कुठेच जागा नाही, हे म्हाळसाक्काला चांगलं ठाऊक होतं. आणि उद्या सकाळी पुन्हा या बाजांपाशी वाकायचं. पुन्हा एखाद्याला उचलायचं. कमरेत पुन्हा हेच झालं तर? तेव्हा खाली कोण असेल? एखादी बाळंतीण? नुकतं हाड बसवलेलं पोर?

या विचारानं तिला पडलेल्या बिरूपेक्षाही जास्त भीती वाटली.

"माजा हात सुटला," ती म्हणाली.

नारोपंतांना ते नीट कळलं नाही. "काय म्हणालात?"

"म्या उचललं वैद्यबुवा. येकटीनं. कोंडीनं इचारलं व्हतं, येऊ का म्हनून. म्या नको म्हनाले. तिनं तर सावरला ह्याला." एवढं बोलून तिला रडू फुटलं. "माजी कंबर गेलीया. दोन वर्सं झाली. मला धड बसता येत न्हाई, धड निजता येत न्हाई. म्या सांगितलं न्हाई कुनाला."

 नारोपंतांनी आधी बिरूचं हाड पुन्हा बसवलं, कारण ते थांबणारं नव्हतं. ते झाल्यावर म्हाळसाक्काला माजघरात पालथं झोपवलं आणि कोंडाबाईच्या समक्ष तिच्या कमरेवर बोटं दाबून पाहिली. आयुष्यभर त्यांनी परगावच्या हजारो पाठी तपासल्या होत्या. आपल्या घरातली ही पाठ त्यांनी कधी पाहिली नव्हती. संध्याकाळच्या आत त्यांनी उरलेल्या चौघींनाही बोलावलं आणि विचारलं, "खरं सांगा, दुखतं का?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकीनं कंबर सांगितली, दुसरीनं खांदा, तिसरीनं मान आणि मनगट दोन्ही. एकटी कोंडाबाई म्हणाली, "माझं काही दुखत नाही बुवा." जिला सगळे हसत होते, तिचंच अंग धड होतं. नारोपंतांना भयंकर लाज वाटली. त्यांनी कोंडाबाईची सगळ्यांदेखत माफी मागितली.

म्हाळसाक्का तीन आठवडे बायकांच्या पडवीत पडून होती. ज्या बुटक्या बाजेपाशी ती वीस वर्षं वाकली, तसल्याच एका बाजेवर. एकदा कामावरच्या एका मैत्रिणीनं, जुन्या सवयीनं, तिला एकटीनं उचलून बसवलं. उचलताना मैत्रिणीचे हात थरथरत होते, आणि ती थरथर म्हाळसाक्काच्या अंगभर गेली. आता पडते की मग पडते, असं तिला झालं. दुपारी कोंडाबाई आणि दुसरी एक अशा दोघींनी, खाली जाड चादर घालून, तिला अलगद वर सरकवलं. तिला श्वाससुद्धा रोखावा लागला नाही. रोग्यांना मी इतकी वर्षं असं भिववत होते, हे तिला तेव्हा कळलं. कुणी बोलून दाखवलं नव्हतं, कारण उचलणारीला बोलायचं कसं?

नारोपंतांनी सुताराला बोलावलं. कापलेले पाय काही परत जोडता येईनात, म्हणून बाजेच्या चारी पायांखाली लाकडी ठोकळे बसवले. बाजा बायकांच्या कमरेइतक्या उंच झाल्या. रोगी पडू नये म्हणून दोन्ही कडांना वेळूचे कठडे लावले, हवे तेव्हा काढता येतील असे. एवढं काम दोन दिवसांत झालं. तीन पिढ्या ते कुणाला सुचलं नव्हतं.

आणि शिकवणी बिरूनं केली, पडल्या पडल्या. "वझं अंगाशी घ्या, लांबून उचलू नगा. पाय फाकवून उभ्या ऱ्हावा. गुडघ्यात वाका, कमरेत न्हवं. आनि वझं हातात आसताना कंबर फिरवू नगा, पाय टाकून वळा. मोजल्याबिगर उचलायचं न्हाई. तीन म्हनलं की दोघींनी येकदम." कोंडाबाई मोजू लागली. पहिल्या दिवशी दोघी दोन वेगळ्या वेळी उचलत होत्या आणि बिरू आईआई करत होता. आठवड्यात जमलं.

बिरूचा पाय जुळला, पण एका बोटानं आखूड राहिला. तो काठी घेऊन उभा राहिला त्या दिवशी म्हाळसाक्का त्याच्यासमोर आली. 

"बिरू, तुझ्या पायाचं हे माज्यामुळं…" ती थांबली.

बिरूनं काठीवर भार दिला. "आक्का, खोटं कशाला बोलू, वाईट वाटतंय. पाठीवर पोतं आता हुनार न्हाई. पर दुसऱ्याच्या पाठीवर पोतं द्यायला दोन हात लागत्यातच. त्येवढं काम मुकादम दील." मग म्हणाला, "त्या दिशी तुमी बोलला नसता, तर म्या तुमाला माफ केलं नसतं." आणि काठी टेकत तो पेठेकडे गेला. म्हाळसाक्का तो दिसेनासा होईपर्यंत दारात उभी होती.

म्हाळसाक्काला पुन्हा कधी कुणाला उचलता आलं नाही. पण नारोपंतांनी तिला घरी पाठवलं नाही. नव्या बायका घ्यायच्या झाल्या की पारख तिनं करायची, असं ठरलं.

पहिल्याच वेळी दोघी आल्या. एक अंगापिंडानं भक्कम, दळणकांडण करून हात तयार झालेले. दुसरी किडकिडीत. म्हाळसाक्कानं बाजेवरच्या एका जाडजूड, गूळ रांधणाऱ्या गुळव्याकडे बोट दाखवलं. "ह्यांना उठवून बसवा."

भक्कम बाई पुढे झाली, पदर खोचला, वाकली आणि गुळव्याला एका दमात उचलून बसवलं. मोठ्या आशेनं तिनं म्हाळसाक्काकडे पाहिलं. शाबासकीची वाट पाहणारा तो चेहरा म्हाळसाक्काला फार ओळखीचा वाटला.

मग किडकिडीत बाईची पाळी आली. तिनं गुळव्याकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि मागे वळून म्हणाली, "हे मला एकटीला नाही व्हायचं. कुणी हात देता का जरा?"

"तू उद्यापास्नं ये," म्हाळसाक्का तिला म्हणाली.

भक्कम बाई रडवेली झाली. "आन मी? मी तर उचलून दावलं की!"

म्हाळसाक्कानं तिला जवळ बसवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. सरळ, निकोप पाठ होती.

"बाई गं, तुझ्या अंगात लई बळ हाय. ते मला वीस वर्सं पुरवायचं हाय, वीस दिवस न्हाई. चार दिसांनी परत ये. पर येताना तेवढी हाक मारायला शिकून ये."

तात्पर्य: दुसऱ्यांना सांभाळणाऱ्यांनी स्वतःचं दुखणं लपवू नये आणि मदत मागायला लाजू नये; कारण त्यांची पाठ मोडली की तिच्यावर विसंबलेला माणूसही खाली पडतो.